चरबीची बाजू खाली

"हा ट्रे कुणाचा?"

डहाके सरांनी नाकावरचा रुमाल काढला नाही, त्यामुळे प्रश्न रुमालातून गाळून आला. ते बाहेरगावचे परीक्षक, बोर्डाने पाठवलेले. जीवशास्त्राच्या परीक्षेला आले होते खरे, पण त्यांचा विषय वनस्पतींचा. पानाफुलांत आयुष्य गेलेल्या माणसासमोर आज बोकडांची चोवीस हृदयं मांडून ठेवली होती.

"माझा," मी म्हटलं.

"तेवीस जणांनी उजवी बाजू इकडे दाखवलीय. तू एकटीच तिकडे?"

"हो."

"का?"

"उजवी बाजू तिकडेच आहे म्हणून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मागे वळायची गरज नव्हती, तो उल्हास शेटेच असणार. अकरावीपासून माझ्या प्रत्येक वाक्यावर हसायचं कंत्राट त्याने घेतलं होतं.

१९८४ सालची, बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, पत्र्याची प्रयोगशाळा, मार्च महिना. प्रत्येकाला एक ट्रे, ट्रेमध्ये एक हृदय आणि टाचण्यांना चिकटवलेले सहा कागदी झेंडे. वरचे दोन कप्पे, खालचे दोन कप्पे आणि फुप्फुसाच्या दोन वाटा, एवढ्यांवर झेंडे रोवायचे. अंगभर फिरून दमलेलं काळपट रक्त उजव्या बाजूला येतं, तिथून एका वाटेनं फुप्फुसात जातं, वारा खाऊन लालभडक होतं, दुसऱ्या वाटेनं डावीकडे परततं आणि मगच पुन्हा अंगात निघतं. सगळा प्रश्न या फेरीचा. उजवंडावं चुकलं की सहाही झेंडे चुकले आणि सहाही चुकले की प्रात्यक्षिकात नापास.

मला नापास होऊन चालणार नव्हतं. दादानं, म्हणजे माझ्या वडलांनी, फलटणच्या आत्याला शब्द दिला होता: पोरगी बारावीला पडली तर वैशाखात तुझ्या बबनशी लग्न. पास झाली तर मिरजेला नर्सिंगला. बबन तसा वाईट नव्हता. पण त्याचंही मटणाचंच दुकान होतं आणि मला आयुष्यभर गल्ल्यामागे बसून माश्या वारायच्या नव्हत्या.

"पाच मिनिटं देतो," डहाके सर म्हणाले. "झेंडे नीट लाव."

"नीटच आहेत, सर."

"मुली, तेवीस जण चुकतील आणि तू एकटी बरोबर, असं कधी होतं का?"

"आज झालंय."

आता कुणी हसलं नाही. कोपऱ्यात उभे असलेले आमचे आवटे सर एकदम पांढरेफटक पडले. ते का पडले हे त्या खोलीत फक्त मला कळलं.

त्याचं असं होतं. कॉलेजला हृदयं दादाच्या दुकानातून जायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिपाई रिकामे ट्रे आणून टाकायचा. बाजाराच्या दिवशी दादा चार दुकानं फिरून हृदयं गोळा करायचा, एकेका ट्रेमध्ये एकेक मांडायचा आणि ओलं फडकं टाकून हातगाडीवरून पाठवायचा. हृदयाच्या पुढच्या अंगावर चरबीची एक जाड तिरकी रेघ असते. दुकानात ती बाजू नेहमी खाली, कारण गिऱ्हाइकाला मांस दिसलं पाहिजे, चरबी नाही. म्हणजे कॉलेजातही हृदयं यायची ती पालथी, पाठ वर करून.

आणि आवटे सर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. शिकवायचे फार मनापासून. पुस्तक इंग्रजी, पण सरांचं सगळं समजावणं मराठीत, समोरच्याच्या डोक्यात दिवा लागेपर्यंत. मात्र मांसाला हात लावायचे नाहीत. वेताच्या छडीने लांबूनच दाखवायचे. भिंतीवरच्या तक्त्यातलं हृदय आपल्याकडे तोंड करून उभं असतं, ट्रेमधलं पाठ करून झोपलेलं. छडी तक्त्यावर जिथे टेकायची तिथेच ट्रेवर टेकायची आणि नऊ वर्षं दर वर्गाचं उजवं डावं होत राहायचं. सगळ्यांचे झेंडे एकसारखे दिसले की परीक्षकही पूर्ण मार्क देऊन जायचे. हृदय हातात घेऊन उलटलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण हात कोण लावणार?

अकरावीत मी बोलले होते. "सर, ही उजवी नाही. ह्या बाजूची भिंत जाड आहे. जाड ती डावी." सर म्हणाले, "तक्ता बघ, शालन." आणि मागून उल्हासचा आवाज आला, "सर, तिला कापलेलंच माहीत, चाललेलं कुठं माहीत!" सगळा वर्ग हसला. सरही हसले, अगदी थोडंसंच. मला उल्हासचं काही वाटलं नाही. सरांचं ते थोडंसं हसू मात्र वर्षभर मनात सलत राहिलं.

"सर, मी जरा हिच्याशी बोलतो," असं म्हणून आवटे सर मला शेजारच्या सामानाच्या खोलीत घेऊन गेले. काचेच्या बरण्यांमध्ये आम्ही दोघं उभे राहिलो. 

"तुझं बरोबर आहे," सर हळूच म्हणाले. "मघाशी बघितलं मी. झेंडे लावायच्या आधी तू तुझं हृदय उलटून बघितलंस आणि परत तसंच ठेवलंस. चरबीची ती तिरकी रेघ वर आली आणि मग लक्षात आलं माझ्या."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? नऊ वर्षं चुकीचं शिकवलं म्हणून? तेवीस पोरांचं वर्ष जाईल. त्यातले अर्धे शेतावरून उठून येतात शिकायला. त्यांचा काय दोष?"

"माझा काय दोष?"

सरांनी दार लोटून घेतलं. "तू झेंडे फिरव. सगळे एकसारखे दिसले की ते सगळ्यांनाच पूर्ण मार्क देऊन साडेचारच्या एसटीनं जातील. तूही पास, तेही पास. मी हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. माझे गुरुजी, माझ्या वडलांच्या वयाचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बरोबर असताना चूक होऊन दाखव, असं मला सांगितलं जात होतं. तेही अशा माणसाने, ज्याच्या तोंडून मी ही सगळी फेरी पहिल्यांदा ऐकली होती.

"नाही फिरवणार, सर," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत, हे रक्त एकाच दिशेनं जातं. झडपा असतात. माघारी फिरायला गेलं की दार बंद होतं."

मी बाहेर आले आणि थेट डहाके सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"मला सिद्ध करू द्या."

"कसं?"

"दादा बाहेर बसलाय, ट्रे परत न्यायला. त्याला दुकानातून एक जोड आणायला सांगते. हृदय आणि फुप्फुसं न तोडता, एकत्र. मग रक्त कुठून जातं आणि कुठून येतं ते तुमच्या डोळ्यांनी बघा. चुकले तर शून्य द्या."

डहाके सरांनी घड्याळ बघितलं. मग पहिल्यांदाच नाकावरचा रुमाल थोडा खाली घेतला. "अर्धा तास," ते म्हणाले. "त्यापुढे एक मिनिट नाही."

दादा लिंबाखाली तंबाखू मळत बसला होता. मी सांगितलं तसा तंबाखू टाकून उठला. "फोपशाला सुरी लागल्याली चालंल का?"

"अजिबात नाही. एक चीरसुद्धा नको."

"मग म्याच काढतो," म्हणत त्याने सायकलवर टांग मारली.

पंचविसाव्या मिनिटाला दादा ओल्या गोणपाटात जोड घेऊन दारात उभा. आत यायला बिचकत होता. चपला बाहेर काढल्या आणि देवळात यावं तसा आत आला. टेबलावर गोणपाट उघडलं. वर पांढरी श्वासनळी, दोन बाजूंना गुलाबी फुप्फुसं आणि मधोमध हृदय, सगळं एकमेकांना धरून. वर्गातली पोरं बाकांवर चढून बघायला लागली. दोन वर्षं या तिघांबद्दल पाठ केलं होतं, पण ते असे एकत्र असतात हे कुणी पाहिलंच नव्हतं. दुकानात ते वेगळे करूनच विकतात.

मी उजव्या खालच्या कप्प्याला छोटी चीर दिली, तिथून रबरी नळी वर फुप्फुसाच्या वाटेत सरकवली आणि दादाने ती सुतळीने करकचून बांधली. डाव्या वरच्या कप्प्याला दुसरी चीर, तिच्याखाली काचेचं भांडं. एका चंबूत पाणी आणि त्यात आवटे सरांच्या दौतीतली निळी शाई. नळीच्या दुसऱ्या टोकाला काचेचं नरसाळं.

"हे उंच धरायला कोण येतंय?" मी विचारलं.

कुणी हललं नाही. मग उल्हास पुढे आला. तो वर्गात सगळ्यात उंच होता. माझ्याकडे न बघता स्टुलावर चढला आणि नरसाळं डोक्यावर धरून उभा राहिला.

मी बाकावर चढून शाईचं पाणी ओतलं आणि खाली उतरले. नरसाळ्यातली पातळी जराशी खाली गेली आणि थांबली. भांड्यात काही नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली.  पुस्तकात बाण असतात, ते कधी अडत नाहीत. इथे समोर मांसाचा गोळा होता आणि तो ऐकायला तयार नव्हता. डहाके सर घड्याळाकडे बघायला लागले. फलटणचं दुकान माझ्या डोळ्यांपुढे आलं, गल्ला, माश्या, सगळं.

"सायेब, रागावनार नसला तर बोलू का?" दादा म्हणाला. "फोपसं बसलंय. बसलेलं फोपसं पानी सोडत न्हाई."

त्याने गळ्यातल्या उपरण्याने श्वासनळी पुसली, वाकला आणि तोंड लावून हळूच फुंकर घातली. दोन्ही फुप्फुसं वर उचलली गेली. कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. दादाने फुंकर सोडली, पुन्हा घातली. फुप्फुसं बसली, पुन्हा फुगली. मेलेल्या जनावरात माझा बाप श्वास भरत होता.

आणि नरसाळ्यातलं पाणी सरकायला लागलं.

भांड्यात पहिला थेंब पडला तो लाल, फुप्फुसातलं उरलेलं रक्त. मग फिकट गुलाबी पाणी. मग नुसतं पाणी. मग उल्हास वरून ओरडला, "निळं! शालन, निळं आलं!"

मी वर बघितलं. नरसाळ्यावरचे त्याचे दोन्ही हात निळे झाले होते आणि तो हसत होता, पण माझ्यावर नाही.

डहाके सर माणूस मात्र पक्का. "कशावरून?" त्यांनी विचारलं. "मधल्या भिंतीतूनच इकडे पाझरलं नसेल कशावरून?"

"नळी भिंतीच्या पुढे बांधलीय, सर. आणि भिंतीला वाटच नसते." मी सुरी घेतली, हृदय उभं चिरलं आणि मधली भिंत बोटावर ताणून उजेडात धरली. कुठेही भोक नव्हतं.

"तीस वर्सं कापतुया, सायेब," दादा म्हणाला. "भिताडाला भोक आसल्यालं एकच करडू बघितलं. जीभ निळी हुती त्याची. चार पावलं टाकली की खाली बसायचं."

डहाके सरांनी रुमाल खिशात घातला. उठले, एकेका ट्रेसमोर जाऊन थांबले आणि एका पोराच्या ट्रेमधलं हृदय त्यांनी चक्क हातात घेऊन उलटलं. मग दुसरं. मग तिसरं.  पोरांच्या आता लक्षात यायला लागलं होतं. पहिल्या बाकावरचा एक जण रडायलाच लागला.

"ही हृदयं पालथी कुणी मांडली?" डहाके सरांनी विचारलं.

"म्या," दादा म्हणाला. "दुकानाची रीत हाय, सायेब. चरबीची बाजू खाली..."

"दादानं नाही," मी म्हटलं. "आज सकाळी मी मांडली."

इतकी वर्षं झाली, पण ती सकाळ मी कुणाला धड सांगितली नाही. दादा गिऱ्हाईक करत होता आणि चोवीस रिकामे ट्रे माझ्यापुढे होते. मांडताना नुसता हात फिरवला असता तर सगळी हृदयं उताणी झाली असती आणि तक्त्याशी जुळली असती. माझा हात पहिल्या ट्रेवर थांबलाही होता. मग मला ते हसू आठवलं, आधी वर्गाचं आणि मग सरांचं. आणि मी एकेक करून चोवीसच्या चोवीस हृदयं पालथी घातली, अगदी नीट, ओळीने. पडू देत सगळे, असं मनात म्हटलं. माझ्या वाट्याला कुठलंही आलं तरी मी ते उलटून बघणारच होते.

"तुला माहीत होतं?" डहाके सरांनी विचारलं. "पालथी ठेवली की ही मुलं चुकतील, हे माहीत होतं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. नुसतं "दुकानाची रीत" म्हटलं असतं तर सुटले असते.

"माहीत होतं."

"मुद्दाम केलंस?"

"हो. मला दोन वर्षं हसले म्हणून."



"मग तुला नापास का करू नये?"

"करा," मी म्हटलं. मी खाली बघितलं नाही. "केलं त्याची शिक्षा द्या. पण उत्तर माझं बरोबर आहे, ते चूक म्हणून लिहू नका. आणि ह्यांना नापास करू नका. ह्यांना ही फेरी कुणी नीट दाखवलीच नव्हती. आज दाखवलीय. आता परत विचारा."

डहाके सरांनी मार्कांची यादी मिटली. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "सगळे झेंडे काढ. ह्या मुलांना ट्रे नव्याने दे. साडेचारची एसटी गेली तर जाऊ दे."

दीड तासाने तेवीसच्या तेवीस जण पास झाले. माझ्या नावापुढे तीसपैकी एकोणीस पडले. सहाच्या सहा झेंडे बरोबर असताना अकरा मार्क कशाचे कापले, हे मी विचारलं नाही. मिरजेला जायला एकोणीस पुरले. तिथे पुढे चौतीस वर्षं मी ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहिले आणि चालणारी हृदयंही पुष्कळ पाहिली.

मार्कांखेरीज डहाके सरांनी आणखी एक शिक्षा दिली होती: चोवीस ट्रे धुऊन द्यायचे. सगळे गेल्यावर मी मोरीच्या नळाखाली बसले. दादा दारात उभा होता. त्याने एक धुतलेला ट्रे निथळायला भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "डोक्यात राग आसताना सुरीला हात लावायचा न्हाई, हे शिकिवलं हुतं तुला. मांडायलाबी लावायचा न्हाई, हे सांगायचं ऱ्हायलं बघ." आणि हातगाडी आणायला गेला. मला तेव्हा रडू आलं. दिवसभरात पहिल्यांदा.

"शालन, नळ जरा बंद कर."

आवटे सर मागे उभे होते. छडी कुठेतरी ठेवून आले होते आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या. गळ्यात माळ होतीच.

"सर, मी..."

"राहू दे. मी हसलो होतो तेव्हा. आठवतंय मला." ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि ट्रेमधल्या हृदयाकडे बघत राहिले. "मांस खाणार नाही, एवढंच वचन दिलंय मी माळ घालताना. हात लावू नकोस असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते आपलं मीच ठरवून टाकलं."

त्यांनी हात पुढे केला. बोटं क्षणभर वरच अडली, मग टेकली. हृदय उचलून त्यांनी तळहातावर उलटं केलं. चरबीची तिरकी रेघ वर आली.

"बोट कुठून घालू?"

"पातळ भिंतीकडून. हं, आता वर सरकवा, सर."

सरांचं बोट आत गेलं, अडलं, वाट सापडली आणि वरून बाहेर आलं, जिथून फुप्फुसाची वाट सुरू होते तिथून. ते आपल्या बोटाच्या टोकाकडे बघत बसले. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचा दुसरा हातही मोकळा नव्हता.

दारात हातगाडीची चाकं वाजली. मी ट्रे उचलायला उठले तेव्हा सर म्हणाले, "पुढच्या वर्षी तू नसशील. पण दादांना सांग, मांडायची तशीच मांडू देत, चरबीची बाजू खाली. उलटायची कशी ते मी शिकवीन. माझ्या हातानं."